विषाणूंचा स्वभाव आणि जनुकोपचार

जनुकोपचाराविषयी आपल्या वृत्तपत्रांतून जे काही छापून येते त्यात जनुकाची थोरवी पुष्कळ गायिलेली असते. परंतु ते जनुक रुग्णाच्या पेशीपर्यंत नेऊन पोचविणाऱ्या विषाणूविषयी एखादे वाक्य आले तर आले, अशी स्थिती आहे. वस्तुतः गेल्या अर्धशतकात या उपचारपद्धतीच्या पदरी जे यश वा जे अपयश पडले, त्याचा फार मोठा हिस्सा त्या वाहक विषाणूच्याच खाती मांडावा लागतो. कोणत्या व्याधीत कोणते जनुक सदोष असते याचा उलगडा अनेक आनुवंशिक रोगांच्या बाबतीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच झाला होता. निर्दोष जनुकाच्या प्रती प्रयोगशाळेत तयार करण्याची विद्याही तेव्हापासून हस्तगत होती. अडून राहिले होते ते इतक्यावरच की, ही प्रत कोट्यवधी जिवंत पेशींच्या अंतर्भागात, त्या पेशींना इजा न करता, कोणी नेऊन ठेवावी. या एका प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा असून अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञ केनेथ बर्न्स यांच्या संशोधनजीवनाचा धागा त्यासाठी हाती धरला आहे; कारण ज्या क्षुद्र विषाणूच्या अभ्यासात त्यांच्या आयुष्याची कित्येक दशके गेली, तोच पुढे या उपचाराचा सर्वांत विश्वासू वाहक ठरला, आणि त्यांनी तो अभ्यास आरंभिला तेव्हा उपचाराचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

प्राण्यांच्या विषाणूंचे शास्त्र १८९८ साली जन्मास आले. लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी गुरांच्या लाळखुरकुत रोगाचे कारण सूक्ष्म गाळणीतूनही पार होणारे आहे असे दाखविले. पुढची साठ-सत्तर वर्षे हे शास्त्र मुख्यतः रोगनिवारणाच्या कामी राबले. तथापि विषाणूला स्वतःचे जीवनयंत्र नसते, तो आपले जनुकद्रव्य परक्या पेशीत सोडतो आणि कावळ्याने कोकिळेची पिले वाढवावीत त्याप्रमाणे ती पेशी ते स्वतःचे समजून चालविते, हे जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसा एक उलटा विचार काही जणांना सुचू लागला : विषाणूचे जनुक ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने माणसाचे हितकारक जनुक का धाडू नये?

हा विचार प्रत्यक्षात आणण्याचे पहिले धाडस अमेरिकेतील ओक रिज येथील स्टॅनफिल्ड रॉजर्स यांनी केले. सशांच्या अंगावर चामखिळी उठविणाऱ्या शोप विषाणूवर काम करणाऱ्या लोकांच्या रक्तात आर्जिनिन हे द्रव्य कमी आढळते, अशी त्यांची नोंद होती. त्यावरून या विषाणूपाशी आर्जिनिनचे विघटन करणाऱ्या विकराचे जनुक असले पाहिजे असे अनुमान त्यांनी काढले, आणि जर्मनीतील एका कुटुंबात ज्या बहिणी त्या विकराच्या अभावी आजारी होत्या, त्यांना १९७० च्या सुमारास तो विषाणू टोचला. परिणाम काहीच दिसला नाही. पुढे या विषाणूच्या संपूर्ण जनुकद्रव्याचे वाचन झाले तेव्हा असले जनुक त्यात नाहीच, असे निष्पन्न झाले. उपाय योजणाराची कळकळ खरी होती, परंतु ज्याच्यावर भिस्त ठेवली त्या वाहकाची पुरती ओळख झालेली नव्हती. १९७२ साली थिओडोर फ्रीडमन आणि रिचर्ड रॉब्लिन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून जनुकोपचाराची शक्यता मान्य केली, पण ज्ञानाची सध्याची मजल पाहता मानवावर प्रयोग करण्याची घाई करू नये असा स्पष्ट इशाराही दिला. पुढचा सारा इतिहास म्हणजे या इशाऱ्यावर घटनांनी लिहिलेले भाष्य होय.

या धामधुमीपासून दूर, एका वेगळ्याच विषाणूची हकीकत १९६५ साली सुरू झाली होती. पिट्सबर्ग विद्यापीठातील रॉबर्ट ॲचिसन, ब्रूस कॅस्टो आणि विल्यम हॅमन हे माकडांत आढळणाऱ्या ॲडिनोविषाणूचे नमुने विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असता त्यांना त्या नमुन्यात त्याहून कितीतरी लहान, सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाचे कण दिसले. प्रथमदर्शनी हा कचरा वाटावा. परंतु तो स्वतंत्र विषाणू ठरला. ॲडिनोविषाणूची सोबत असल्यावाचून तो वाढत नसे, म्हणून ‘ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस’, संक्षेपाने एएव्ही, हे नाव त्याला मिळाले. त्याच्यामुळे माणसाला कोणताही रोग होत असल्याचे आढळले नाही, आणि म्हणूनच रोगांच्या मागे लागलेल्या वैद्यकाला त्याच्यात रस असण्याचे कारण नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून वैद्यकाची आणि संशोधनाची अशा दोन्ही पदव्या मिळविलेले बर्न्स अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेत आले, आणि तेथील जेम्स रोझ व डेव्हिड हॉगन यांच्या संगतीने त्यांनी नेमका हा निरुपद्रवी आणि म्हणून निरुपयोगी समजला गेलेला विषाणू अभ्यासास घेतला.

त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न वरवर पाहता अगदीच तांत्रिक होता. विषाणूतून बाहेर काढलेले डीएनए दुपदरी दिसे, परंतु कणाच्या आत ते एकपदरीच असावे अशी लक्षणे आढळत. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगाची योजना मोठी चातुर्याची होती. विषाणूचा एक साठा जड घटक मिसळून वाढविलेला आणि दुसरा नेहमीचा हलका, असे दोन साठे एकत्र करून त्यांतून एकदम डीएनए काढले, तेव्हा मधल्या घनतेचे मिश्र डीएनए हाती आले. याचा अर्थ असा की, निम्म्या कणांत एक पदर आणि निम्म्यांत त्याचा पूरक पदर सुटा बंदिस्त असतो, आणि कवच फोडल्यावर ते दोन पदर परीक्षानळीतच परस्परांना बिलगतात. या निष्कर्षाचा त्या काळी रुग्णाला काडीचाही उपयोग नव्हता. परंतु पुढे जेव्हा याच विषाणूतून जनुके पाठविण्यात आली, तेव्हा ती कार्यरत होण्यास कित्येक दिवस का लागतात, याचे एक प्रमुख उत्तर येथेच सापडले. एकट्या पदरावर पूरक पदर रचला गेल्याखेरीज पेशी ते जनुक वाचूच शकत नाही.

बर्न्स पुढे १९७६ साली फ्लॉरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिल येथील वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि तेथे या विषाणूचे एक घराणेच उभे राहिले. १९८० साली त्यांच्या मंडळाने दाखविले की, मदतनीस ॲडिनोविषाणू जवळ नसला तर एएव्ही मरत नाही. तो आपले डीएनए यजमान पेशीच्या गुणसूत्रात जोडून स्वस्थ पडून राहतो, आणि मदतनीस आल्यावर पुन्हा बाहेर पडतो. ही जोडणी बहुधा एकोणिसाव्या गुणसूत्राच्या एका ठराविक भागी होते, ही महत्त्वाची गोष्ट रॉबर्ट कोटिन आणि बर्न्स यांच्या १९९० च्या संशोधनाने उजेडात आली. मध्यंतरी १९८२ साली रिचर्ड ज्यूड सॅमुल्स्की या तरुण विद्यार्थ्याने बर्न्स व निकोलस मुझिच्का यांच्या मार्गदर्शनाखाली संपूर्ण एएव्हीचे डीएनए जीवाणूच्या प्लास्मिडमध्ये उतरविले, आणि ते प्लास्मिड मानवी पेशीत ॲडिनोविषाणूच्या सोबतीने सोडताच त्यातून जिवंत विषाणू जन्माला आले. पुढच्याच वर्षी भारतातून गेलेले अरुण श्रीवास्तव, एडवर्ड लस्बी आणि बर्न्स यांनी या विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराची सुमारे ४,७०० अक्षरांची संपूर्ण जनुकलिपी वाचून प्रसिद्ध केली. तिच्या दोन्ही टोकांना १४५ अक्षरांची, स्वतःवरच दुमडणारी पुनरावृत्ती असते. एका टोकाचा तुकडा गहाळ झाला तर विषाणू दुसऱ्या टोकाच्या नमुन्यावरून त्याची दुरुस्ती करून घेतो, हेही याच सुमारास दिसून आले.

या साऱ्या तपशिलाचे मोल १९८४ साली कळले. पॉल हर्मोनाट आणि मुझिच्का यांनी विषाणूच्या कवचाचे जनुक काढून त्याच्या जागी प्रतिजैविकास दाद न देण्याची शक्ती पेशीला देणारे एक जनुक बसविले आणि ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत नेऊन पोचविले. दोन टोके तेवढी राखली तर मधली सारी मिळकत बदलता येते, हे सॅमुल्स्की प्रभृतींनी १९८९ पर्यंत पक्के केले. अशा रीतीने कोणासही न दुखविणारा हा विषाणू वाहक बनला. त्याचे गुणदोष असे : तो निरुपद्रवी, न विभागणाऱ्या पेशींतही शिरणारा, दीर्घकाळ टिकणारा, पण साडेचार-पावणेपाच हजार अक्षरांपेक्षा अधिक ओझे न घेणारा.

परंतु आरंभीची वीस वर्षे त्याच्या वाट्याला प्रतीक्षाच आली, कारण रंगभूमीवर दुसरे नट आधीच उभे होते. उंदराच्या रक्तार्बुद-विषाणूपासून बनविलेल्या रेट्रोविषाणूची मातब्बरी मोठी होती. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली, विषाणूची कवचनिर्मिती एका पेशीकडे आणि जनुकवहन दुसऱ्या डीएनएकडे अशी वाटणी करून त्याला वाहक बनविण्याची युक्ती सिद्ध केली होती. त्याचा स्वभाव गुणसूत्रात जनुक कायमचे जोडण्याचा; म्हणून रक्तपेशींची सतत विभागणारी पिढीही ते जनुक वारशाने पुढे नेते. १४ सप्टेंबर १९९० रोजी राष्ट्रीय आरोग्यसंस्थेत चार वर्षांच्या एका मुलीला, जिची रोगप्रतिकारशक्ती ‘एडीए’ या विकराच्या अभावी नष्ट झाली होती, तिच्याच पेशी अशा रीतीने सुधारून परत देण्यात आल्या, आणि अधिकृत मंजुरीने झालेला पहिला जनुकोपचार म्हणून ही घटना दफ्तरी नोंदली गेली. तिला विकराचे इंजेक्शनही चालूच असल्याने यशाचे नेमके माप मात्र काढता आले नाही. नंतर २००० साली पॅरिसमध्ये अलेन फिशर व मरिना कावाझाना यांनी प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या मुलांना खऱ्या अर्थाने बरे केले, आणि जनुकोपचाराचे पहिले निःसंशय यश म्हणून जगाने त्याची दखल घेतली. परंतु दोन वर्षांतच काही मुलांत रक्ताचा कर्करोग दिसू लागला. पॅरिसच्या चार मुलांना तो झाला आणि त्यांपैकी एक दगावले. विषाणू जेथे जोडला गेला त्याच्या शेजारचे, पेशींची वाढ चेतविणारे एलएमओ-२ नावाचे जनुक त्यामुळे मोकाट सुटले होते. जनुकांच्या आरंभस्थानाजवळ बसण्याची ही खोड या विषाणूच्या कुळातच होती. जो गुण म्हणून निवडला होता, तोच गुण मारक ठरला.

ॲडिनोविषाणूचा प्रकार याच्या नेमका उलट. त्याचे जनुकद्रव्य सुमारे ३६ हजार अक्षरांचे असल्याने ओझे पेलण्याची ऐपत मोठी, यकृतात शिरकाव करण्याची शक्तीही दांडगी. पण शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला पाहताच खवळून उठते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९९ साली जेम्स विल्सन यांच्या संस्थेत चाललेल्या प्रयोगात, अमोनियाचा निचरा न करू शकणाऱ्या विकारावर हा विषाणू यकृताच्या धमनीतून टोचण्यात आला. जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण, ज्याचा विकार आहार आणि औषधे यांवर आटोक्यात होता, १७ सप्टेंबर १९९९ रोजी मरण पावला. चौकशीत संमतिपत्रातील त्रुटी, प्राण्यांवरील दुष्परिणामांची रुग्णांपासून दडून राहिलेली वार्ता आणि प्रयोगकर्त्यांचे आर्थिक हितसंबंध असे अनेक आक्षेप निघाले. अनेक ठिकाणचे प्रयोग तहकूब झाले, निधी आटला, आणि काही वर्षे जनुकोपचार हा शब्द उच्चारणेही शास्त्रज्ञांना अवघड झाले.

याच पडत्या काळात एएव्हीची खरी परीक्षा झाली. त्याच्या पहिल्या कसोट्याही सरळ गेल्या नाहीत. हिमोफिलिया-बी या रक्तस्रावाच्या विकारात रक्त गोठविणारा नववा घटक अपुरा असतो. त्याचे जनुक लहान असल्याने ते एएव्हीत सहज मावते, आणि नेहमीच्या प्रमाणाच्या शेकडा काही अंश जरी घटक मिळाला तरी रुग्णाचे रक्षण होते, म्हणून हा विकार प्रयोगास आदर्श. कॅथरिन हाय यांच्या मंडळाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यकृतात सोडलेले जनुक प्रारंभी उत्तम चालले, एका रुग्णात घटकाचे प्रमाण शेकडा १० पर्यंत चढले, आणि काही आठवड्यांत पुन्हा ओसरले. कुत्र्यांत व उंदरांत असे घडले नव्हते. उत्तर पुन्हा वाहकाच्या पूर्वेतिहासात होते : जगातील पुष्कळ माणसांना हा विषाणू बालपणीच भेटून गेलेला असतो, आणि शरीराच्या स्मृतीत राहिलेल्या त्या ओळखीमुळे, ज्या पेशीत त्याचे कवच शिरले त्या पेशी प्रतिकारयंत्रणा निवडून मारते. म्हणून लंडन व मेम्फिस येथील संशोधकांनी २०११ साली वानरकुळातून मिळालेल्या आठव्या प्रकाराचे कवच घेतले, यकृताला इजा होत असल्याची लक्षणे दिसताच स्टेरॉइडची अल्प मुदतीची योजना केली, आणि सहा रुग्णांत घटक टिकून राहिला. या यशात जनुक तसे तेच होते. बदलले ते कवच आणि त्याच्याशी शरीराने कसे वागावे याचा बंदोबस्त.

दुसरी वाट डोळ्याची. बालपणीच दृष्टी घालविणाऱ्या एका विकारात आरपीई-६५ हे जनुक सदोष असते, आणि हाच दोष ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांतही आढळला होता. जीन बेनेट, अल्बर्ट मॅग्वायर आणि त्यांचे सहकारी यांनी एएव्हीतून ते जनुक दृष्टिपटलाखाली सोडले, आणि जन्मांध कुत्र्यांना दिसू लागल्याचे वृत्त २००१ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यात प्रतिकारयंत्रणेचा वावर मर्यादित, पेशी न विभागणाऱ्या, आणि मात्राही अल्प : एका डोळ्यास सुमारे १५,००० कोटी कण. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘लक्सटर्ना’ या नावाने त्यास मंजुरी दिली. वाहकाची मर्यादा ओळखून रोगाची निवड करणे किती फलदायी असते, याचा हा उत्तम दाखला होय.

उलट पक्षी, हाच वाहक मर्यादेबाहेर ताणला की काय घडते याचीही नोंद करणे प्राप्त आहे. संपूर्ण शरीराच्या स्नायूंना वा मज्जारज्जूला जनुक पोचवायचे झाले तर मात्रा अफाट वाढवावी लागते. पाठीच्या कण्यातील चेतापेशी मारून बालकांना निश्चल करणाऱ्या ‘स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी’वरील ‘झोल्जेन्स्मा’ या औषधात, ज्याला मे २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, दर किलो वजनामागे एक कोटी गुणिले एक कोटी याहून अधिक कण दिले जातात. त्याने अनेक बालकांचे प्राण वाचविले ही गोष्ट निर्विवाद. परंतु त्याहून मोठ्या मात्रेने चाललेल्या एका स्नायुविकाराच्या प्रयोगात २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत चार मुले दगावली. आणि २०२५ साली ड्युशेन स्नायुक्षयावरील उपचार घेतलेल्या दोन किशोरवयीन रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. २०१८ सालीच विल्सन यांनी, ज्यांना १९९९ चा अनुभव जन्मभर पुरला, माकडांत व डुकरांत मोठ्या मात्रेने होणाऱ्या इजेचा इशारा दिला होता. विषाणू निरुपद्रवी आहे हे विधान निसर्गात भेटणाऱ्या संख्येपुरते खरे आहे. त्या संख्येला कोटीने गुणल्यावर ते खरे राहीलच, अशी हमी त्याच्या स्वभावाने कधी दिलेली नव्हती.

किमतीचा प्रश्नही अंशतः येथेच रुजलेला आहे. जिवंत पेशींत अशा प्रचंड संख्येने कण वाढवावयाचे, रिकामी कवचे त्यांतून वगळावयाची आणि शुद्धतेची प्रत्येक कसोटी पार पाडावयाची, हा खर्च मोठा. त्यावर विरळ रोगांचे मोजके गिऱ्हाईक आणि कंपन्यांची नफ्याची गणिते. ‘ग्लायबेरा’ हे युरोपात २०१२ साली मंजूर झालेले पहिले एएव्ही औषध सुमारे दहा लाख युरो किमतीमुळे एकाच रुग्णास विकले गेले आणि २०१७ मध्ये परवान्याची मुदत संपू देण्यात आली. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या हिमोफिलिया-बीवरील ‘हेमजेनिक्स’ची किंमत तेव्हा ३५ लाख डॉलर होती. महाराष्ट्राने हा प्रश्न जवळून पाहिला आहे : २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या बालिकेसाठी ‘झोल्जेन्स्मा’ची सुमारे १६ कोटी रुपयांची रक्कम लोकवर्गणीतून उभी राहिली आणि केंद्र सरकारला आयातीवरील कर माफ करावे लागले. वर्गणीने एका बालकाचे भले होते. व्याधीचे धोरण असे ठरत नाही.

या दृष्टीने आपल्याकडील दोन घटना आशादायक वाटतात, आणि दोहोंतही वाहक एएव्ही नसून मानवी एचआयव्हीपासून घडविलेला लेंटिविषाणू आहे, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट. या वाहकाची उभारणी १९९६ साली सॉल्क संस्थेत लुइजी नाल्दिनी, डिडिएर ट्रोनो, फ्रेड गेज आणि पंजाबात जन्मलेले इंदर वर्मा यांनी केली. तो न विभागणाऱ्या पेशींतही शिरतो, आणि गुणसूत्रात जोडला जात असला तरी उंदराच्या विषाणूप्रमाणे जनुकांच्या आरंभस्थानी बसण्याची खोड त्याला नाही. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून राहुल पुरवार यांच्या चमूने रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच टी-पेशी या वाहकाने बदलून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध-नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तो राष्ट्रार्पण झाला. त्याची किंमत परदेशी उपचाराच्या तुलनेत सुमारे एक दशांश आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अलोक श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली तीव्र हिमोफिलिया-ए असलेल्या पाच रुग्णांच्या मूळपेशी सुधारण्यात आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात या पाचही जणांची रक्तस्रावाची वार्षिक सरासरी शून्य राहिली. या दोन्ही ठिकाणी वाहक शरीराबाहेर पेशीशी भेटतो, म्हणून कणांची संख्या आणि प्रतिकारयंत्रणेचा धोका दोन्ही मर्यादित राहतात. खर्च कमी असण्यामागे इतर कारणांच्या जोडीला हेही एक आहे.

मग या साऱ्या प्रवासाचा निकाल काय लावावा? एकच वाहक सर्व व्याधींना पुरणार नाही, हे आता वादातीत मानावयास हरकत नाही. रक्तपेशी सतत विभागतात, म्हणून तेथे गुणसूत्रात जोडला जाणारा वाहक हवा. डोळा व यकृत येथे, स्वतःची जनुके काढून टाकल्यामुळे बहुधा गुणसूत्रात न जोडता टिकणारा वाहक एएव्ही बरा, पण बालकाचे वाढते यकृत पेशी विभागून त्याची जनुके विरल करते, आणि एकदा भेट झाल्यावर प्रतिपिंडे तयार होऊन दुसरी मात्रा बहुधा निष्फळ होते. जे जनुक पावणेपाच हजार अक्षरांत मावत नाही, त्याला कितीही कौतुकाची जाहिरात करून एएव्हीत बसविता येणार नाही. तेव्हा एखाद्या नव्या उपचाराचे वर्तमान वाचताना वाचकाने तीन प्रश्न विचारून पाहावेत : वाहक कोणता आणि त्याचे जनुकद्रव्य पेशीत कोठे जाऊन बसते, शरीराने त्याला यापूर्वी पाहिले आहे काय आणि पाहिले असल्यास काय लक्षात ठेवले आहे, आणि त्याची किती संख्या द्यावी लागते. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या वृत्तात नाहीत ते वृत्त अद्याप अपुरे समजावे, मग जनुक कितीही मोलाचे असो. बर्न्स आणि त्यांचे सहकारी यांनी ही उत्तरे मिळविण्यासाठी तीन दशके एका अशा विषाणूमागे घालविली, ज्याने कोणाला आजारी केले नव्हते व म्हणून ज्याच्यासाठी पैसा मागण्यास कोणते निमित्तही नव्हते. अशा अभ्यासासाठी निधी देणारे खाते आणि तो पुरवठा धीराने चालू ठेवणारी संस्था आपल्या विद्यापीठांत असावी ही मागणी, पुढच्या उपचाराच्या किमतीत सवलत मागण्याइतकीच रुग्णांच्या हिताची आहे.